टाकीघराची किल्ली

२१ जानेवारी

फवारणीच्या औषधांच्या दुकानदाराने फुकट दिलेली ही डायरी. पहिल्या पानावर भुरीच्या औषधाची जाहिरात आहे, शेवटच्या पानावर मिलीबगच्या. मधली पानं माझी. मैना म्हणाली, "तुमच्या डोक्यात जे फिरतं ते मला नका ऐकवू. लिहून ठेवा. बीपी तरी खाली येईल." बायकोनेच असं सांगितल्यावर माणसाने काय करावं? लिहितोय.

तर डोक्यात फिरतंय ते असं : माझा धाकटा भाऊ दीपक माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

काल त्याची बायको हर्षाली माहेरी गेली, सिन्नरला. गाडी अब्बासने नेली. अब्बास म्हणजे आमचा ड्रायव्हर, मेकॅनिक, पंपवाला, सगळंच. परत आल्यावर सहज बोलून गेला, "भाऊ, वहिनींनी नाशिकच्या अंबडला गाडी थांबवायला लावली. एका साहेबाला पिशवीतून छोट्या बाटल्या काढून दिल्या." आता चांदवडहून सिन्नरला जायला अंबडवरून कोण जातं? आणि बाटल्या कसल्या? आमच्या घरातून बाटली निघाली तर ती वाइनचीच असणार, गुलाबपाण्याची थोडीच!

यंदाचं वर्ष गमावून चालणार नाही. आजवर मोठ्या कंपनीचा टँकर यायचा आणि आमची वाइन भरून घेऊन जायचा. आमचं नाव कुठेच नसायचं. दिंडोरी-निफाडची मंडळी तर हसतातच, चांदवडला कांदा पिकतो, तिथे कसली वाइन. यंदा पहिल्यांदा आमची स्वतःची बाटली निघणार आहे. वरच्या माळावर वडिलांनी लावलेली शिराझची काळी द्राक्षं, आणि लेबलवर वडिलांचंच नाव, 'गेणू'. ती एक टाकी साधली तर आम्ही वाइनवाले. नाही साधली तर पुन्हा टँकर.

मी स्वतः माळकरी. वाइनचा थेंब जिभेवर घेतलेला नाही आणि घेणार नाही. बाग मी बघायची, टाकी दीपकने, असं आमचं चालत आलंय. तो ग्लासात नाक घालतो आणि वाइनच्या मनातलं सांगतो. "ह्याचं नाक हीच आमची फॅक्टरी," असं मीच पाहुण्यांना सांगत असतो. ते नाक आता कुणासाठी काम करतंय, हे बघायला हवं.

२९ जानेवारी

आज थोडक्यात वाचलो. मैना चहाचं आधण गॅसवर ठेवून गोठ्यात गेली. पाणी उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. मी अंगणातून आत आलो तर वासाने डोकं गरगरलं. आणि शेगडीपासून दोन हातांवर आमचे धाकटे बंधू खुशाल पेपर वाचत बसलेले!

"अरे, मेलास का रे?" मी ओरडलो. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

दीपक आधी माझ्याकडे, मग शेगडीकडे बघत राहिला. "लक्ष नव्हतं दादा," म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. हर्षाली धावत आली, त्याचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेली आणि पदराने डोळे पुसायला लागली. एवढं रडण्यासारखं काय झालं होतं? वाचलो ना सगळे.

दिवाळीत मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मागून टाके पडले, तेव्हापासून हा असाच आहे. जेवतानाही तंद्री लागलेली असते. परवा आमटी करपली होती, माझी पोरगी निकितासुद्धा ताट सरकवून उठली. ह्याने मात्र दोनदा मागून घेतली. डॉक्टर म्हणाले होते डोक्याला काही झालेलं नाही. मग डोकं आहे कुठे? माझा अंदाज, सिन्नरला. हर्षालीच्या भावाची तिथे रस्त्याला लागून जमीन आहे. वेगळं निघायचं, तिथे स्वतःची वायनरी काढायची आणि चांदवड दादाच्या गळ्यात मारायचं.

६ फेब्रुवारी

वरच्या माळाची तोडणी सुरू झाली. माल कमी आहे पण घड बघण्यासारखे. बाया पहाटेच्या गारव्यात येतात, उन्हं चढायच्या आत क्रेट खाली.

एक गोष्ट डोळ्यांत आली. दर वर्षी दीपक ओळीओळीने फिरतो, मणी तोंडात टाकतो, बी चावतो आणि सांगतो, इथे आज तोडा, तिथे दोन दिवस थांबा. यंदा हातात साखर मोजायचं यंत्र घेऊन फिरला आणि मणी हर्षालीने खाल्ले. ती त्याच्या कानात काहीतरी सांगायची आणि मग तो मजुरांना सांगायचा. लग्न करून आली तेव्हा टाकीघरावरून जाताना नाकाला पदर लावणारी बाई ही! ह्या दोन-तीन महिन्यांत एकदम एवढी शहाणी कशी झाली? शिकवली म्हणून झाली. कुणीही उगाच शिकवत नाही.

तिलाच विचारावं तर आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. मी दिसलो की पदर पुढे आणि पाय मागे. जे काही असेल ते मैनाच्या तोंडून. हा रिवाज आईच्या वेळेपासूनचा आहे आणि मी तो मोडणार नाही.

१४ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय.

सकाळी दीपकच्या खोलीचं दार ढकललं, ट्रॅक्टरची किल्ली हवी होती. हा पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. समोर औषधाच्या चार लहान बाटल्या. एक एक उचलतो, नाकाशी धरतो, ओठ हलवतो, खाली ठेवतो. मला बघितल्यावर त्याने सगळ्या उशीखाली लोटल्या. "सर्दीचं औषध आहे," म्हणाला. नाक तर कोरडं ठणठणीत!

तो टाकीघरात गेल्यावर मी उशी उचलली. एकीत लिंबाची साल, एकीत लवंगा, एकीत गुलाबपाणी, एकीत कापसावर नीलगिरी.

लिंबू आणि लवंग! आता मी माळकरी माणूस, करणीबिरणी मानत नाही. पण मानणारी माणसं असतात आणि सिन्नरच्या पाहुण्यांचं मला काही सांगता येत नाही. मैनाला सांगितलं तर ती एवढी हसली की हातातलं पीठ सांडलं. हसू दे. मी आज गाडीत बसायच्या आधी चाकाखाली बघून घेतलं. दुपारी ताटातलं लिंबूही पिळलं नाही.

२१ फेब्रुवारी

शिराझ आंबून झाली, पिळून मोठ्या टाकीत गेली. माल कमी असल्यामुळे टाकी भरली नाही. म्हणून आत तरंगतं झाकण सोडलं. त्याच्या कडेला सायकलच्या ट्यूबसारखी रबरी नळी असते, ती हवा भरून फुगवली की टाकी बंद. वाइनला बाहेरचा वारा लागायला नको, हे दीपकने मला दहा वेळा सांगितलंय.

दुपारी एक पांढरी गाडी आली. अब्बासने बांधावरून मला खूण केली, तोच अंबडचा साहेब. दीपक, हर्षाली आणि तो, तिघं टाकीघरात गेले. मी पंपाशेजारी उभा राहून ऐकत होतो. अर्धवट ऐकू आलं.

"दादांना सांगून टाक," साहेब म्हणाला.

"एवढी बाटली निघू दे. मग सांगतो," दीपक म्हणाला. "आत्ता कळलं तर तो सगळंच थांबवेल."

म्हणजे बाटली निघाली की हा निघाला. ज्याला मी कडेवर घेऊन वडाळीभोईच्या बाजारात फिरवला, ज्याच्या शब्दावर खालच्या रानातली खाण्याच्या द्राक्षाची चांगली बाग उपटून वाइनची लावली, तो असा! जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी

टाकीघराला नवीन कुलूप घातलं. किल्ली माझ्या करदोट्याला.

जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. "आजपासून टाकीघर मी उघडणार. दीपकला जेव्हा जायचं असेल तेव्हा मी बरोबर असेन. बाकी कुणी आत जायचं नाही आणि वाइनचा थेंब बाहेर जायचा नाही."

मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "नमुने तपासायला तरी पाठवू दे दादा."

"तपासायला तुझं नाक आहे ना?"

त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. स्वयंपाकघराच्या दारातून हर्षाली त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे बघून नुसती मान हलवत होता, नाही, नाही.

२८ फेब्रुवारी

रोज सकाळी मी कुलूप काढतो, दीपक आत जातो, मी दारात खुर्ची टाकून बसतो. तो यंत्राने मोजतो, नळातून ग्लासात थोडी घेतो, फिरवतो, उजेडात धरतो, नाक घालतो. बराच वेळ घालतो. मग घोट घेऊन गुळणी केल्यासारखी थुंकतो.

"कशी आहे?" मी विचारतो.

"चांगली आहे," तो म्हणतो.

पूर्वी एका ग्लासावर अर्धा तास बोलायचा. जांभूळ काय, मिरी काय, ओली माती काय. आता 'चांगली आहे.' ते बाकीचं कुणाला सांगायला राखून ठेवतोय, ते मला माहीत आहे.

४ मार्च

आज कुलूप काढल्यावर छान वास आला. निकिता कॉलेजला जाताना नखांना रंग लावते, तसा. गोडसर आणि झणझणीत. वाइन मुरायला लागली की असा वास येत असणार. दीपकला म्हटलं, "चांगली तयार व्हायला लागली म्हणायची." तो चमकून म्हणाला, "का? कशावरून?" मी म्हटलं, "आपलं उगाच." आपल्याला काय कळतं हे त्याला कशाला कळू द्या.

८ मार्च

महाशिवरात्र. उपास. मैनाने साबुदाण्याबरोबर निरोप वाढला.

"हर्षाली म्हनती, तिला पाच मिनटं टाकीजवळ जाऊ द्या. तुम्ही हवं तर समोर उभे ऱ्हा."

"कशाला?"

"ते नाय सांगत. निस्ती रडती. म्हनती, दादांनी निदान टाकीचा वास तरी घेऊन बघावा आन काय वाटतं ते ह्यांना सांगावं."

"वास घ्यायला तिचा नवरा रोज जातोय की!"

"मी इचारलं. तर म्हनती, मला शपथ घातलीया, याच्यापुढं बोलता येत नाय." मैना माझ्याजवळ बसली. "अहो, पोर खोटं नाय बोलत. तिच्या तोंडावरून कळतं. जाऊ द्या ना पाच मिनटं."

शपथ! म्हणजे कट आहे हे आता तिच्याच तोंडून कबूल झालं. मी नाही म्हणून सांगितलं. मैना दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१४ मार्च

टाकीघरात चिलटं झाली आहेत. झाकणाच्या कडेला भिंतीच्या बाजूने घोंघावतात. वासही बदललाय. अब्बासचे रोजे सुरू आहेत. काल संध्याकाळी रोजा सोडायला त्याच्या घरून डबा आला होता, त्यात कांद्याला सिरका लावलेला. हुबेहूब तोच वास टाकीघरात. नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. ही वाइन लोक हौसेने पितात म्हणजे कमाल आहे बुवा.

दीपकला चिलटं दाखवली. त्याने चिलटांकडे बघितलं आणि एकदम झाकणाजवळ वाकला. नाक अगदी टेकवलं. घाम फुटला होता. घोट घेतला, तोंडात घोळवला, पुन्हा घेतला.

"दादा, आंबट जास्त लागतेय का रे?"

"मला काय विचारतोस? मी माळकरी."

"रविराजला बोलावतो," तो म्हणाला. "अंबडचा माझा मित्र. माझ्या बरोबर कॉलेजात होता, मोठ्या वायनरीत आहे. तुझ्यासमोर येईल, तुझ्यासमोर चाखेल."

म्हणजे साहेबाचं नाव रविराज. माझ्यासमोर येणार असेल तर येऊ दे. मलाही त्याचं तोंड बघायचंच आहे.

१८ मार्च

सगळं संपलं.

रविराज आला. मी कुलूप काढलं. दार उघडताच तो उंबऱ्यावरच थांबला आणि दीपककडे बघितलं. मग नळातून ग्लासात वाइन घेतली, नाकाजवळ नेली आणि झटकन मागे घेतली.

"दीपक, ही गेली रे. सिरका झालाय सगळा."

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण इथे खोटं लिहून कुणाला फसवू? मला वाटलं, नाटक करतोय. टाकी खराब म्हणायची आणि फुकटात उचलायची.

मी काही बोलणार तेवढ्यात दीपकने त्याच्या हातातून ग्लास घेतला. नाक आत घालून मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मी तिथून चार हातांवर होतो आणि माझे डोळे चुरचुरत होते. ह्याचा चेहरा मात्र कोरा. आमच्याकडे बघून म्हणाला, "कितपत गेलीय?"

तेव्हा मागून आवाज आला. "दादा."

हर्षाली दारात उभी होती. डोक्यावर पदर होता पण चेहरा उघडा. माझ्याकडे सरळ बघत होती. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तिचा आवाज माझ्यासाठी निघालेला मी पहिल्यांदा ऐकला.

"दादा, ह्यांना वास येत नाही. दिवाळीत पडले तेव्हापासून. कसलाच येत नाही. चवही नाही. गॅससुद्धा आला नव्हता. मी वास घेऊन सांगायचे आणि हे कामं करायचे. अंबडला वाइनचे नमुने दाखवून रविराजभाऊंनी मला शिकवलं. खोलीतल्या त्या चार बाटल्या डॉक्टरांनी सांगितल्यात, रोज हुंगल्या तर वास परत येईल कदाचित. तुम्ही मला आत सोडलं नाहीत."

दीपक म्हणाला, "हर्षाली, बास."

"नाही बास," ती म्हणाली आणि रडायला लागली.

अब्बासने झाकण वर घेतलं. झाकणाची रबरी नळी भिंतीच्या बाजूने चिरली होती. समोरून दिसण्यासारखी नव्हती. वासानेच कळली असती.

१९ मार्च

दीपक शेततळ्याच्या कडेला बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? येईल त्या पाहुण्याला तू सांगतोस, ह्याचं नाक हीच आमची फॅक्टरी. म्हटलं, फॅक्टरी बंद पडली हे कसं सांगू. सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी टँकर बोलावला असतास."

बोलावला असता.

मग त्याने विचारलं, "दादा, तुला वास यायचा का रे?"

"यायचा. रोज यायचा."

"कसला?"

"आधी निकिताच्या नखाच्या रंगासारखा. मग सिरक्यासारखा."

त्याने डोळे मिटून घेतले. "नखाचा रंग म्हणालास ना, त्या दिवशी कळलं असतं तर बरीचशी वाचवता आली असती."

"मला वाटलं वाइनला असाच वास येतो."

"मी तुला विचारलं होतं, कशावरून म्हणतोस."

"मला वाटलं, तू माझ्याकडून काढून घेतोयस."

यावर तो हसला. मला हसू आलं नाही. मी लहान पोरासारखा रडलो. वडील गेले तेव्हाही एवढा रडलो नव्हतो. टाकीसाठी रडलो की त्याच्यासाठी, मला माहीत नाही. त्या दारात खुर्ची टाकून मी पहारेकऱ्यासारखा बसलो होतो आणि माझा भाऊ आत आंधळ्यासारखा चाचपडत होता. आणि मी त्याला चोर म्हटलं.

२१ मार्च

करदोट्याची किल्ली सोडली. रिवाजाप्रमाणे मैनाकडे द्यायची होती. मैना म्हणाली, "माझ्याकडं काय देता? जिची हाय तिला द्या." हर्षाली भाकऱ्या थापत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "सूनबाई, ही घे." तिने पिठाचा हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या हातातून किल्ली घेतली.

२३ मार्च

दीपक म्हणाला, हा सिरका विकण्याच्या लायकीचाही नाही. परवानगीचे सोपस्कार करून आज टाकी खड्ड्यात सोडली. वरच्या माळाची सगळी शिराझ. 'गेणू'ची लेबलं छापून आली होती, ती मैनाने कपाटावर ठेवून दिली.

वास एवढा सुटला की वस्तीवरची माणसं विचारायला आली. निकिताने ओढणी लावली, अब्बासने रुमाल बांधला, मी उपरणं नाकावर धरलं. दीपक तेवढा खड्ड्याच्या अगदी काठावर उघड्या तोंडाने उभा होता, शेवटचा थेंब जाईपर्यंत.

५ एप्रिल

खरड छाटणी सुरू झाली. वरच्या माळाची मी स्वतः करतोय. पुढच्या वर्षीचं तिथूनच यायचंय.

पांढऱ्या वाइनची लहान टाकी आहे, ती हर्षाली बघते. रोज सकाळी हाक मारते, "दादा, या जरा." मी जातो, वास घेतो आणि जो वाटेल तो सांगतो. काकडी, ओला पेरू, एकदा तर म्हटलं निकिता शाळेत होती तेव्हाच्या तिच्या नव्या दप्तरासारखा. ती हसली नाही. जाऊन दीपकला सांगितलं आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं. मुरलेली वाइन आणि बिघडलेली वाइन यातला फरक मला अजून कळत नाही, पण आलेला वास आता मी पोटात ठेवत नाही. माळ गळ्यात आहे तिथेच आहे. हुंगायला बंदी कुणी घातली नव्हती.

आज सकाळी दीपकच्या खोलीत गेलो, दार वाजवून. तो पलंगावर बसला होता, समोर त्याच चार बाटल्या. मीही मांडी घालून समोर बसलो. लिंबू, काही नाही. लवंग, काही नाही. गुलाब, काही नाही. चौथी मी माझ्या हाताने त्याच्या नाकाशी धरली. नीलगिरीची. त्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"आलं काही?"

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी कसा बघत असेन कुणास ठाऊक.

"थोडं आलं दादा," तो म्हणाला. "आज थोडं आलं."

तो गेल्यावर झाकण लावायच्या आधी मी बाटली माझ्या नाकाशी धरली. कापूस केव्हाच वाळून गेला होता. वासाचं नाव नव्हतं.

मी कुणाला काही बोललो नाही. अब्बासला चांदवडला पाठवून नीलगिरीची नवीन बाटली मागवली आणि संध्याकाळी कापूस ओला करून ठेवला.